लाच न देता धंदा करायचाय? आधी वेळेचं बजेट करा



आमच्या कार्यशाळेत जीएसटी, मार्केटिंग, उधारी वसुली असं सगळं बोलून झालं की शेवटी कुणीतरी हळूच विचारतं, "मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण चहापाण्याचं काय? वजन ठेवल्याशिवाय फाईल हलते का?"

माझं उत्तर: बहुतेक वेळा हलते, पण सावकाश हलते. त्या सावकाशपणाची तयारी आधी केलेली नसेल, तर तत्त्वं कितीही पक्की असोत, तिसऱ्या आठवड्यात हात खिशाकडे जातोच. म्हणून आज नीतीवर भाषण नाही, हिशोब मांडू.

घाईचा भाव

समजा, तुम्ही महिना १५,००० रुपये भाड्याने गाळा घेतला आणि एक कागद २० दिवस अडला. म्हणजे १०,००० रुपये भाडं बसल्या जागी गेलं. समोरचा मागतो ३,०००. त्याचं गणित पक्कं आहे: तुम्हाला दहापेक्षा तीन स्वस्त वाटणार. तो कामाचे पैसे मागत नाही, तुमच्या घाईचा भाव लावतो.

आता दुसरी बाजू. १०० रुपयांच्या विक्रीत तुमच्या हाती १० रुपये उरत असतील, तर ३,००० भरून काढायला ३०,००० चा माल विकावा लागतो. त्याची पावती नाही, आणि आयकरात हा खर्च म्हणून दाखवताही येत नाही. शिवाय 'हा दुकानदार देतो' ही बातमी पसरते. पुढच्या नूतनीकरणाला आकडा वाढलेला असतो.

मग करायचं काय? भाडेकरार करतानाच मालकाशी बोला: ताबा आज, भाडं पुढच्या महिन्यापासून. फर्निचरसाठी एवढी सवलत बरेच मालक देतात. आणि भांडवलात दोन महिन्यांचं भाडं 'परवानग्यांचा काळ' म्हणून वेगळं काढून ठेवा. ज्याला २० दिवस थांबता येतं, त्याच्याकडून घाईचे पैसे घेता येत नाहीत.

जे फुकट आहे, त्याचे पैसे देऊ नका

उद्यम नोंदणी ऑनलाईन होते आणि तिला एक रुपयाही फी नाही. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. गुमास्त्याचं म्हणाल, तर महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार २० पेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागतच नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाईन सूचना द्यायची, एवढंच. तरी लोक यासाठी एजंटला हजारो रुपये देतात.

एजंट नेमायला माझी ना नाही, त्याच्या मेहनतीचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण हिशोब दोन ओळींत मागा: सरकारी फी, चलनासकट. आणि त्याची फी, बिलासकट. तिसरी ओळ 'वरखर्च' अशी आली, की तिथेच थांबा. मधल्या माणसाच्या हातून दिली तरी ती लाचच असते. कायदा दोन्हींत फरक करत नाही.

दुखरी नस उघडी ठेवू नका

तपासणीला आलेल्या माणसाला बोट ठेवायला जागा सापडली की बोलणी सुरू होतात. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी करायची असते. ती तारीख मोबाईलमध्ये लावा आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावा. मुदत संपलेला माल दर आठवड्याला काढा. दुकानाचा पसारा फुटपाथवर नको.

आणि चूक खरंच आपली निघाली तर? दंड भरा, पावती घ्या. अर्ध्या रकमेत 'मिटवून' टाकलं, तर ते मिटत नाही. तो माणूस पुढच्या महिन्यात परत येतो.

मागितलेच तर

आवाज चढवू नका. एकच वाक्य बोला: "साहेब, जी त्रुटी असेल ती लेखी द्या, मी पूर्ण करतो." माझ्या दुसऱ्या दुकानाच्या वेळी एका कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या, दरवेळी 'काहीतरी कमी आहे'. लेखी मागितल्यावर फक्त एक झेरॉक्स कमी निघाली. कागद उशिरानेच मिळाला, पण पावतीवर जेवढी फी होती तेवढ्यातच.

अर्ज ऑनलाईन असो की टेबलावर, तारखेची पोच घ्याच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. सेवा, मुदत आणि जबाबदार अधिकारी यांची यादी कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. मुदत उलटली तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग थेट आयोग. कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तुमची सेवा या यादीत नसेल, तर १० रुपये फी भरून माहिती अधिकारात विचारा: माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता?

तरीही अडवलं, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. हे नीट लक्षात ठेवा: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तरच संरक्षण मिळतं. आधी विभागाला कळवून, सापळ्यासाठी पैसे दिले तर तो गुन्हा नाही. म्हणून 'आधी देऊ, मग बघू' असं करू नका.

काही धंदे सोडावे लागतात

हेही सांगायलाच हवं. जिथे कंत्राटाआधी टक्केवारी ठरते, तिथे लहान माणसाने शिरू नये. बिल अडकलं की भांडवल संपतं, आणि बोलायला तोंड उरत नाही. तेवढीच मेहनत शंभर किरकोळ गिऱ्हाईकं जोडण्यात घाला. गल्ला लहान दिसेल, पण त्याची चावी तुमच्याकडे राहील.

आज रात्री एक काम करा. वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने आखा: कोणता कागद लागतो, सरकारी फी किती, मुदत किती दिवस, नूतनीकरण कधी. ज्या रकान्यात उत्तर माहीत नाही, तिथेच उद्या कुणीतरी तुमच्याकडून पैसे मागणार आहे. तो रकाना आधी भरा, गाळा नंतर बघा.