तुझं रेटिंग किती, भाऊ?

कॉलेजच्या फुटबॉल टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, तर त्यावर कधी ना कधी हा मेसेज पडतोच : ‘चला बे, आपल्या टीमचे कार्ड बनवू!’ मग एडिटिंग जमणारा एखादा पोट्टा कामाला लागतो. ओळखपत्रावरचा फोटो कापून सोनेरी कार्डावर चिकटतो, खाली पेस, शूटिंग, पासिंगचे आकडे येतात आणि वरच्या कोपऱ्यात मोठ्ठा नंबर. स्ट्रायकर ८८. कॅप्टन ८६, कारण कार्ड बनवायला त्यानेच सांगितलेलं असतं. गोलकीपर ४२ आणि त्याच्याखाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. डाव्या बॅकचं कार्ड करायचं राहूनच जातं.

दोन दिवस मस्करी चालते आणि ग्रुपसाठी विषय संपतो. त्या ४२ वाल्यासाठी मात्र तो संपलेला नसतो. पुढच्या मॅचला पेनल्टी अडवली तरी त्याची हाक तीच राहते : ‘ए बेचाळीस!’

गंमत म्हणून सुरू झालेल्या या खेळात एक गंभीर प्रश्न लपला आहे. एखाद्या खेळाडूला आकडा द्यायचा, तर तो कशावरून द्यायचा? आणि कुणी?

९९ पैकी किती?

आधी गेमवाले काय करतात ते बघू. ज्याला आपण अजूनही ‘फिफा’च म्हणतो, त्या गेमचं नाव २०२३ पासून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झालं आहे. त्यात मैदानावरच्या खेळाडूचे सहा मुख्य गुण कार्डावर दिसतात : वेग, शूटिंग, पासिंग, ड्रिब्लिंग, बचाव आणि शारीरिक ताकद. गोलकीपरचे गुण वेगळे असतात. एकूण आकडा पंचाहत्तर किंवा त्याच्या वर असेल तर कार्ड सोनेरी, ६५ ते ७४ असेल तर चंदेरी आणि त्याखाली कांस्य.

बरेच जण इथेच चुकतात. त्यांना वाटतं, सहा आकड्यांची बेरीज करायची, सहाने भागायचं, झालं रेटिंग. तसं नसतं. एकूण आकडा पोझिशनप्रमाणे ठरतो. सेंटर बॅकच्या हिशोबात बचावाला जास्त वजन, शूटिंगला जवळपास काहीच नाही. स्ट्रायकरचं नेमकं उलट. म्हणजे आपल्या डिफेंडरला ‘याला गोल मारता येत नाही’ म्हणून ५५ देणारे गेमच्याच नियमाने नापास होतात.

हे आकडे काही कॉम्प्युटर स्वतःहून काढत नाही. त्यामागे जगभर पसरलेले हजारो स्वयंसेवक असतात. आपापल्या देशातले, आपापल्या क्लबचे सामने ते बघतात, नोंदी पाठवतात आणि कंपनीचे संपादक त्या तपासतात. एवढं करूनही खेळाडू रुसतातच. बेल्जियमच्या रोमेलू लुकाकूने २०१९ साली गेममधल्या आपल्या वेगाच्या आकड्यावर जाहीरपणे चिडचिड केली होती. कोट्यवधी कमावणाऱ्याला जर तो आकडा टोचतो, तर आपल्या ४२ वाल्याला टोचणार नाही का?

दुसरा गेम ‘फुटबॉल मॅनेजर’. इथे गुण १ ते २० मध्ये मोजतात आणि यादी मोठी असते. पायातल्या कौशल्याबरोबर निर्णयक्षमता, एकाग्रता, धाडस, टीमवर्क यांनाही गुण. ही माहिती इतकी बारीक असते, की इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने २००८ मध्ये खेळाडू शोधायला या गेमचा डेटाबेस वापरण्याचा करार केला. गेम खेळणाऱ्या पोरांना घरचे म्हणतात ‘टाइमपास करतो’, आणि इकडे प्रीमियर लीगचा क्लब त्याच गेममध्ये खेळाडू शोधतो.

आकडा हुकतो तेव्हा

म्हणून आकडा नेहमी खरा ठरतो असं नाही. दोन उदाहरणं पुरेत.

पहिलं फ्रेडी अडू. २००४ मध्ये वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी तो अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. ‘नवा पेले’ म्हणून गाजावाजा झाला. ‘फुटबॉल मॅनेजर’ खेळणाऱ्या त्या वेळच्या पोरांनी तर त्याला आपापल्या संघात घेऊन वर्ल्डस्टार करून टाकलं. प्रत्यक्षात तो या देशातून त्या देशात, या क्लबातून त्या क्लबात फिरत राहिला आणि त्याच्याबद्दलची भाकितं भाकितंच राहिली.

दुसरं जेमी वार्डी. सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेनस्डे क्लबने त्याला काढून टाकलं. मग तो स्टॉक्सब्रिज नावाच्या छोट्या गावाच्या संघाकडून खेळायला लागला आणि पोटासाठी कारखान्यात काम करू लागला. २०१० पर्यंत हेच चाललं होतं. २०१२ मध्ये लेस्टर सिटीने त्याला घेतलं. २०१५ मध्ये त्याने प्रीमियर लीगच्या सलग ११ सामन्यांत गोल केले आणि २०१६ मध्ये लेस्टर चॅम्पियन झालं.

कारखान्यात राबणाऱ्या विशीतल्या वार्डीचं कार्ड कुणी बनवलं असतं, तर त्यावर कोणता आकडा आला असता? खरं तर कार्डच बनलं नसतं. कारण त्याच्याकडे बघणारंच फारसं कुणी नव्हतं.

कॉलेजच्या पोरांचा गेम

कॉलेजच्या खेळाडूंना रेटिंग देणं ही आपल्या ग्रुपची आयडिया नाही. अमेरिकेत हा मोठा धंदा आहे. तिथला ‘फुटबॉल’ म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा त्यांचा खेळ. त्यातल्या कॉलेज संघांचा व्हिडिओ गेम वर्षानुवर्षं विकला जायचा. पण विद्यार्थी खेळाडूंना पैसे घ्यायला बंदी होती. त्यामुळे गेममध्ये नाव नसायचं. जर्सी नंबर, उंची, खेळायची पद्धत मात्र खऱ्या खेळाडूशी जुळणारी. ओळखणारे ओळखायचे, गेम खपायचा आणि खेळाडूच्या हातात काहीच यायचं नाही.

एड ओबॅनन हा कॉलेज बास्केटबॉलचा जुना चॅम्पियन. एका मित्राच्या घरी त्याला गेममध्ये आपल्यासारखाच खेळाडू दिसला. आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, हे त्याच्या लक्षात आलं. २००९ मध्ये तो कोर्टात गेला. २०१४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याआधीच, २०१३ नंतर, कॉलेज फुटबॉलचा गेम येणं बंद झालं होतं. पुढे नियम बदलले आणि ११ वर्षांनी, २०२४ मध्ये गेम परत आला. या वेळी खेळाडूंची आधी परवानगी घेतली गेली. हो म्हणणाऱ्या प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. दहा हजारांहून जास्त पोरं हो म्हणाली.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप कार्डात डॉलरचा प्रश्न नाही. पण ‘विचारलं का?’ हा प्रश्न तसाच आहे. वर्गमैत्रिणीचा खेळतानाचा फोटो, त्यावर तिच्या ‘फिजिकल’चा आकडा आणि थेट इन्स्टावर पोस्ट, हे तिला न विचारता करायचं नसतं. मुली खेळतात म्हणून त्यांचं कार्ड करायचं, हे गेमवाल्यांनाही उशिरा सुचलं. ‘फिफा’मध्ये महिलांचे संघ आले ते २०१५ मध्ये, आणि तेही फक्त १२ देशांचे. आपल्या कॉलेजच्या कार्डांत मुलींच्या टीमचं एक तरी कार्ड आहे का, ते बघा.

साठ किलोमीटरवरचं उदाहरण

आता आपल्या बाजूला येऊ. भंडाऱ्याहून नागपूर साधारण साठ किलोमीटर. वरठीहून रेल्वेने निघालं की वाटेत फुटबॉलवेडं कामठी लागतं. या नागपुरात हिस्लॉप कॉलेजमध्ये विजय बारसे सर क्रीडा शिक्षक होते. पावसात काही झोपडपट्टीतली पोरं तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. सरांनी त्यांना बॉल दिला. २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं आणि त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. पुढे २०१० मध्ये रिओ दी जानेरोला झालेल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कॅप्टन होता याच मुशीत घडलेला नागपूरचा अखिलेश पॉल. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ याच कामावरून प्रेरित. त्यातले अमिताभ म्हणजे आपले बारसे सर.

त्या दिवशी बादलीला लाथा मारणाऱ्या पोरांना कुणी आकडा द्यायला बसलं असतं, तर बूट नाहीत, कोच नाही, बॉलसुद्धा नाही म्हणून शून्यच दिलं असतं. बारसे सर थांबले आणि त्यांनी खेळ बघितला. रेटिंगची खरी सुरुवात इथे होते, थांबून बघण्यात.

आपल्या जिल्ह्यात नेमकं हेच कमी पडतं. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत, धुऱ्यावर चपला काढून, संध्याकाळपर्यंत खेळणारी पोरं गावोगाव दिसतात. त्यांच्यातलीच काही पुढे कॉलेजच्या टीममध्ये येतात. भंडाऱ्याची कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात येतात, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोर नागपूर, वर्धा, गोंदियाचे संघ. तिथे एक मॅच हरली की वर्ष संपलं. ना व्हिडिओ, ना नोंद. तीन वर्षं खेळलेल्या पोराकडे शेवटी उरतं सर्टिफिकेटचं झेरॉक्स. त्याने किती चेंडू अडवले, शेवटच्या दहा मिनिटांत तो कसा पळाला, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून कार्ड बनवणं बंद करा असं मी म्हणणार नाही. उलट बनवाच, पण नीट बनवा.

असं काढा खरं रेटिंग

वेग : मैदानावर ३० मीटर मोजा, दोन दगड ठेवा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. तीनदा पळवा, सगळ्यात चांगली वेळ धरा.

दम : १२ मिनिटांत किती अंतर पळता येतं ते मोजा. डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी आणलेली ही चाचणी आजही चालते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सहा ते सात फेऱ्या, म्हणजे २४०० ते २८०० मीटर झाले, तर विशीतल्या मुलासाठी ते सरासरीपेक्षा चांगलं. मुलींचा तक्ता वेगळा असतो, तो वेगळाच वापरा.

पासिंग : राखीव बाकावर बसलेल्याच्या हातात वही द्या. एका खेळाडूचे पास मोजायचे : किती दिले, किती आपल्याच माणसाकडे पोचले. एका मॅचवर ठरवू नका, निदान तीन मॅच बघा.

बचाव : किती वेळा चेंडू हिसकावला, किती वेळा समोरचा चकवून गेला, दोन्ही लिहा. गोलकीपरचे फक्त खाल्लेले गोल मोजू नका, अडवलेले शॉटही मोजा. समोर बचाव फाटका असेल तर पाच गोल खाऊनही तो मॅचचा हिरो असू शकतो.

डोकं : गोल खाल्ल्यावर कोण ओरडतो आणि कोण चेंडू उचलून मधल्या रेषेकडे पळतो? हे स्टॉपवॉचवर येत नाही. कोच सर आणि दोन खेळाडूंनी एकमेकांना न दाखवता १ ते २० मध्ये गुण द्यावेत, मग ताडून बघावेत.

पोझिशन : शेवटचा आकडा काढताना ज्याचं जे काम, त्याला जास्त वजन. डाव्या बॅकला डाव्या बॅकसारखंच तोला.

तारीख : प्रत्येक कार्डावर तारीख टाकाच. आकडा त्या दिवसाचा असतो. तीन महिन्यांनी परत मोजा आणि दोन्ही कार्डं शेजारी ठेवा. ५८ चा ६४ झाला, तर ८८ वाल्यापेक्षा मोठी पार्टी त्याला.

आणि एक नियम सगळ्यांसाठी : कार्ड आधी त्या खेळाडूच्या हातात, त्याने हो म्हटलं तरच ग्रुपवर.

यातून कुणी एम्बापे होणार नाही. पण निवड चाचणीला गेल्यावर ‘सर, मी चांगला खेळतो’ असं म्हणण्याऐवजी ‘सर, मागच्या तीन मॅचच्या या नोंदी’ असं म्हणत वही पुढे करता येईल. कोचलाही कळेल, की आपला हा पोरगा पहिल्या हाफात भारी आहे, पण साठाव्या मिनिटानंतर त्याचा दम जातो. मग सराव कशाचा घ्यायचा, हे ठरवायला नशिबावर विसंबावं लागणार नाही.

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना मैदानावर जाणार असाल, तर या वेळी मोबाइलबरोबर एक वही न्या. स्ट्रायकरकडे सगळेच बघतात. तुम्ही पहिली पंचेचाळीस मिनिटं फक्त डाव्या बॅककडे बघा. आणि तो ४२ वाला गोलकीपर अजून टीममध्ये असेल, तर दुसरा हाफ त्याच्यासाठी ठेवा.