मधली वाट नसलेले चर्च

अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी इथे मुख्यालय असलेले 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' जगाला मॉर्मन पंथ म्हणून ठाऊक आहे. २०२४च्या अखेरीस त्याची सभासदसंख्या १ कोटी ७५ लाखांवर गेली आणि त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक नव्या माणसांनी बाप्तिस्मा घेतला. हे आकडे चर्च दरवर्षी एप्रिलमध्ये स्वतः जाहीर करते आणि ते खोटे नाहीत. प्रश्न ते काय मोजतात याचा आहे. एकदा नाव चढले की माणूस उपासनेला येवो न येवो, स्वतःला मॉर्मन म्हणवो न म्हणवो, तो सभासदच राहतो. नाव काढायचे तर त्याला रीतसर मागणी करावी लागते. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याची नोंद वयाची ११० वर्षे भरेपर्यंत ठेवली जाते. रविवारी प्रत्यक्ष किती माणसे येतात हा आकडा मात्र चर्च प्रसिद्ध करत नाही. तो आडवाटेने काढावा लागतो. ब्राझीलमध्ये चर्चच्या नोंदीनुसार अकरा लाखांवर सभासद असताना २०१०च्या जनगणनेत स्वतःला मॉर्मन म्हणवणारे निघाले २,२६,५०९. चिलीत २००२च्या जनगणनेत १,०३,७३५ जणांनी हा धर्म सांगितला. चर्चच्या वहीत पाच लाखांवर नावे होती. म्हणजे दोन्हीकडे पाचातला एक. त्याच २००२ साली चर्चच्या नेतृत्वातल्या 'बारा प्रेषितां'पैकी एक, जेफ्री हॉलंड, यांना मुक्कामाला चिलीत पाठवावे लागले, आणि तिथले कितीतरी 'स्टेक', म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचे गट, पुढे विलीन करण्यात आले.

लॅटिन अमेरिकेतली गळती घाईने दिलेल्या बाप्तिस्म्यांची होती, असे म्हणून तो विषय तिथेच संपवता येईल. पण पंथाच्या माहेरी, अमेरिकेतच, जन्मापासून मॉर्मन असलेली माणसे बाहेर पडत आहेत आणि मला तीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. प्यू संशोधन संस्थेच्या पाहणीत, मॉर्मन घरात वाढलेल्यांपैकी मोठेपणीही मॉर्मन राहिलेल्यांचे प्रमाण २००७ साली ७० टक्के होते. २०१४ साली ते ६४ झाले आणि २०२३-२४च्या पाहणीत ५४. अमेरिकेच्या लोकसंख्येतला पंथाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास टिकून आहे, हे खरे. तो आजवर टिकला तो बराचसा मोठ्या कुटुंबांच्या बळावर, आणि ते बळही ओसरू लागले आहे. २०१२ साली जगभरात सभासदांच्या सव्वा लाखाच्या जवळपास मुलांची नोंद झाली होती. २०२३ साली सभासद कितीतरी वाढलेले असूनही ही संख्या ९४ हजारांच्या आत आली.

हे का झाले, हे समजायचे तर आधी ही संस्था चालते कशी ते पाहायला हवे, कारण तिची ताकद आणि तिची गळती एकाच ठिकाणाहून येतात. न्यूयॉर्क राज्यात ६ एप्रिल १८३० रोजी जोसेफ स्मिथने तिची स्थापना केली. १८४४ साली इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला ठार मारले. त्यानंतर ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग हजारो अनुयायी पश्चिमेला निघाले आणि जुलै १८४७ मध्ये पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली. छळ, स्थलांतर आणि ओसाड माळरानावर एकमेकांच्या आधाराने उभे राहिलेले संसार यांतून जी घडण झाली ती आजही दिसते. स्थानिक मंडळीला 'वॉर्ड' म्हणतात आणि तिथे पगारी धर्मगुरू नसतो. बिशप हा दिवसभर आपली नोकरी वा धंदा सांभाळणारा शेजारीच असतो. कोणी मुलांना शिकवतो, कोणी वाद्य वाजवते, कोणी हिशेब ठेवतो. प्रत्येकाला काम दिलेले असते. मिळकतीचा दशांश चर्चला जातो. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. तरुणांनी दोन वर्षे घरच्या खर्चाने मिशनरी म्हणून जायचे, तरुणींनी दीड वर्ष. मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून ठरावीक मुदतीने बिशपसमोर बसून श्रद्धा, दशांश आणि शील यांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. आजारपणात, बेकारीत, बाळंतपणात हा वॉर्ड दारात उभा राहतो. एकाकी होत चाललेल्या अमेरिकी समाजात अशी घट्ट वीण फार थोड्यांना लाभते, आणि ती लाभलेल्यांनी तिच्याबद्दल कृतज्ञ असावे यात नवल नाही.

धर्माच्या अभ्यासकांनी या घट्टपणातच वाढीचे गमक पाहिले. जो पंथ सभासदाकडून खूप मागतो तो अर्धवट निष्ठेच्या माणसांना आपोआप बाजूला सारतो, उरतात ते झोकून देणारे, आणि त्यांच्या उत्साहामुळे प्रत्येकालाच अधिक मिळते, असे लॉरेन्स आयनाकोन यांनी १९९४ साली मांडले. त्याच्या दहा वर्षे आधी रॉडनी स्टार्क यांनी हा नवा जागतिक धर्म ठरेल असे म्हणून २०८० साठी अंदाज बांधले होते: हळू वाढला तर सहा कोटींहून अधिक, जोमाने वाढला तर २६ कोटींहून अधिक. तेव्हा वाढीचा वेग वर्षाला चार-पाच टक्के होता. २०१०च्या दशकाच्या अखेरीस तो दीड टक्क्याच्याही खाली आला. स्टार्क यांची आकडेमोड चुकली असे मला वाटत नाही. कडक शिस्त टिकवायला एक अट लागते, ती त्यांच्या हिशेबात नव्हती: ज्या दाव्यासाठी माणूस एवढे देतो, तो दावा त्याच्या मनात शाबूत राहायला हवा. मॉर्मन नेतृत्वाने तो दावा फार उंच बांधला. २००३ साली तत्कालीन अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी जाहीर सभेत सांगितले की हे चर्च एक तर खरे आहे नाहीतर फसवणूक आहे, आणि यात मधली वाट नाही. लहान मुलेसुद्धा महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीसमोर उभी राहून साक्ष देतात ती 'माझा विश्वास आहे' अशी नव्हे, तर 'मला माहीत आहे' अशी. ज्याला लहानपणापासून असे शिकवले, त्याच्या हाती पुढे पुरावा पडला की तो त्याच नियमाने निकाल लावतो. माझ्या मते या चर्चच्या घटत्या उपस्थितीचे मूळ इथे आहे. शंका घेऊनही आत राहता येईल अशी जागा त्याने ठेवली नाही, आणि मग शंका प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर येऊन पोहोचली.

त्या शंका ऐकीव नव्हत्या. जोसेफ स्मिथने इजिप्तच्या पपायरसांवरून भाषांतरित केलेले म्हणून जे 'बुक ऑफ अब्राहम' पवित्र ग्रंथांत आहे, त्या पपायरसांचे तुकडे १९६७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने चर्चला परत दिले. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी वाचले तेव्हा ते नेहमीचे अंत्यविधीचे मजकूर निघाले. पंथाचा धर्मग्रंथ 'बुक ऑफ मॉर्मन' स्मिथने सोन्याच्या पत्र्यांसमोर बसून भाषांतरित केल्याची चित्रे पिढ्यान्‌पिढ्या वर्गांतून दाखवली गेली. प्रत्यक्षात स्मिथ टोपीत एक दगड ठेवून, त्यात चेहरा खुपसून मजकूर सांगत असे, हे इतिहासकारांना ठाऊक होते. स्मिथच्या बहुपत्नीत्वाबद्दल तर सामान्य सभासदाला जवळजवळ काहीच सांगितलेले नव्हते. २०१३ ते २०१५ दरम्यान चर्चने आपल्या संकेतस्थळावर निबंधमाला प्रसिद्ध करून यातले बरेचसे मान्य केले: स्मिथच्या पत्नी तीस ते चाळीस असाव्यात, त्यांतल्या काहींचे नवरे हयात होते आणि एक मुलगी पंधरा वर्षांचीही झालेली नव्हती. याआधीच २०१० साली, स्वीडनमधले सभासद असेच प्रश्न विचारत असल्याने चर्चच्या इतिहासकारांना स्टॉकहोमला जाऊन त्यांच्यासमोर बसावे लागले होते. युरोपातले एक माजी वरिष्ठ अधिकारी हान्स मॅटसन यांनी २०१३ साली आपली शंका 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये उघडपणे मांडली. त्यांच्यासारख्या लोकांना सर्वांत जास्त काय लागले, ते नीट ऐकले पाहिजे. संस्थापक सदोष होता हे कळल्याने माणूस क्वचितच धर्म सोडतो; सर्वच धर्मांचे संस्थापक आणि संत माणसे होती. ज्यांच्यासाठी दोन वर्षे परक्या मुलखात दारोदार फिरलो, त्यांना हे माहीत होते आणि त्यांनी सांगितले नाही, ही जखम वेगळी असते.

इतिहासाइतकाच वर्तमानाचाही भार आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये चर्चने समलिंगी विवाह करणाऱ्यांना धर्मत्यागी ठरवले आणि त्यांच्याकडे वाढणाऱ्या मुलांना अठरा वर्षांचे होईपर्यंत बाप्तिस्मा नाकारला. साडेतीन वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, तो निर्णय मागे घेतला. आधी ईश्वरी प्रकटीकरण म्हणून सांगितलेला नियम इतक्या लवकर बदलला, तेव्हा तो सोसलेल्या कुटुंबांनी काय समजायचे? स्त्रियांना याजकपद नाही. ते मागणारी चळवळ उभारणाऱ्या केट केली यांना २०१४ साली बहिष्कृत केले गेले. सर्वसाधारण परिषदेत स्त्रीने प्रार्थना म्हणण्याचा पहिला प्रसंग यायला एप्रिल २०१३ उजाडावे लागले. पैशाबद्दलही तेच: चर्चच्या गुंतवणूक संस्थेचा सुमारे १०० अब्ज डॉलरांचा निधी २०१९ साली बाहेरच्यांकडून कळला, आणि त्यातले समभाग कागदी कंपन्यांआड दडवल्याबद्दल २०२३ साली अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने संस्था आणि चर्च यांना मिळून ५० लाख डॉलरांचा दंड केला. पोटाला चिमटा काढून दशांश देणाऱ्या घराला तो निधी किती मोठा आहे हे कळण्याचा हक्क होता, असे मला ठामपणे वाटते.

यावर वॉर्डात एक उत्तर हमखास मिळते: जाणारे कोणाच्या तरी बोलण्याने दुखावलेले असतात, नाहीतर त्यांना नियम जड झालेले असतात. जाना रीस या स्वतः मॉर्मन असलेल्या अभ्यासिकेने २०१६ साली माजी सभासदांना विचारले, तेव्हा वर आलेली कारणे निराळी होती: आपली मूल्ये चर्चच्या मूल्यांशी जुळेनाशी झाली, वादग्रस्त बाबतीत नेते खरे सांगतील हा विश्वास उरला नाही, हेच एकमेव खरे चर्च असे वाटेनासे झाले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळ्या अमेरिकेतच धर्माची ओढ कमी झाली, मग मॉर्मनांना वेगळे कारण कशाला? तो वारा यांनाही लागला, हे मान्य. पण हा पंथ दीर्घकाळ त्याच वाऱ्यात ताठ उभा होता. १९६० नंतर मुख्य प्रवाहातली प्रोटेस्टंट चर्च ओस पडत असताना याचे सभासद पटीने वाढले. त्याची कवचे आताच का भेदली गेली, याचे उत्तर एकट्या वाऱ्यात सापडत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. स्मिथच्याच वारशातून निघालेले 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' हे धाकटे चर्च उदार झाले. त्याने १९८४ साली स्त्रियांना याजकपद दिले, 'बुक ऑफ मॉर्मन'बद्दल मतभेदाला वाव ठेवला, इतिहासाची कागदपत्रे अभ्यासकांना खुली केली. तरी ते भरभराटीला आले नाही. मार्च २०२४ मध्ये पैशाच्या चणचणीने त्याला १८३६चे कर्टलँडचे ऐतिहासिक मंदिर आणि अन्य मोलाच्या वस्तू सॉल्ट लेकच्या चर्चला सव्वाएकोणीस कोटी डॉलरांच्या आसपास विकाव्या लागल्या. म्हणजे मोकळीक दिली की चर्च वाचते, असा सोपा नियम नाही, आणि तो मी सांगतही नाही. मागण्या सैल करणे आणि खरे सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सॉल्ट लेकच्या नेतृत्वाने अलीकडे पहिली केली. २०१९ पासून रविवारची सभा तीन तासांवरून दोनवर आणली. त्याच वर्षी नोंदणी विवाहानंतर मंदिरविवाहासाठी वर्षभर थांबण्याची सक्ती उठवली, ज्यामुळे श्रद्धा नसलेले आईवडील निदान एका विवाहविधीला हजर राहू लागले. हे बदल दयाळू आहेत. पण सभा लांबली म्हणून फार थोडे गेले होते.

मनुष्यबळ वाढवूनही पाहिले. ऑक्टोबर २०१२ मध्ये मिशनरी होण्याचे वय तरुणांसाठी १८ आणि तरुणींसाठी १९ केले. मिशनरी साडेअठ्ठावन्न हजारांवरून दोन वर्षांत पंच्याऐंशी हजारांवर गेले. बाप्तिस्मे २०१२ साली २ लाख ७२ हजार होते, २०१४ साली २ लाख ९७ हजार झाले आणि २०१५ साली २ लाख ५७ हजारांवर घसरले. २०२४ची तीन लाखांवरची उसळी म्हणूनच जपून वाचावी लागते: ती किती आले ते सांगते, किती राहिले ते सांगायला आणखी काही वर्षे जावी लागतील. खरी वाढ आज आफ्रिकेत आहे, नायजेरियात, घानात, काँगोत, आणि तिथल्या मंडळ्यांत उपस्थितीही चांगली असते. याच चर्चने जून १९७८ पर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपद नाकारले होते, आणि त्या बंदीच्या समर्थनार्थ पूर्वी दिलेली कारणे चुकीची होती हे २०१३च्या निबंधात लिहून मान्य केले. लागोसच्या किंवा किन्शासाच्या नव्या सभासदाला ही गोष्ट बाप्तिस्म्याआधी त्याच्या बिशपकडून कळते की दहा वर्षांनी फोनवर, यावर तिथल्या रविवारच्या उपस्थितीचे बरेच काही ठरेल.