पिंपळनेरकरांचं विमान किती लांब?

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरचं सर्वांत लहान अंतर; त्यात घाट नाहीत, वळणं नाहीत. जळगाव-मुंबई रेल्वेनं सुमारे ४२० किलोमीटर, हवेतून ३५५च्या आसपास. गंमत अशी, की पिंपळनेर ते मुंबई सरळ रेषेत २४५ किलोमीटरच भरतं. म्हणजे साक्री, धुळं करत जळगावला जाऊन मुंबईचं विमान धरणं हा उलटा उद्योग. आपल्याला जवळचा विमानतळ ओझरचा: सरळ रेषेत ९५ किलोमीटर, ताहाराबाद, सटाणा, देवळा करत गाडीनं मात्र बराच जास्त.

आता वेळेचं गणित. ओझर ते दिल्ली सुमारे ९९० किलोमीटर. जेट विमान उंचीवर ताशी ८०० किलोमीटरनं जातं, तेव्हा सव्वा तासात पोचायला हवं. तिकिटावर मात्र जवळपास दोन तास दिसतात. कारण तिकिटावरची वेळ जागेवरून हलण्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढाई, उतरण, दिल्लीवर गर्दी असली तर आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात येतं. शिवाय मार्गही अगदी सरळ नसतो. छोट्या पल्ल्यावर हा वरखर्च फार बोचतो. जळगावसारख्या ठिकाणी येणारी पंख्याची एटीआर विमानं तर ताशी ५००चीच.

वाराही हिशेबात धरावा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात, त्यामुळे मुंबईहून कोलकात्याला जाणं लवकर, येणं उशिरा.