सिलोसायबिन सेवांवर राज्याची देखरेख : ऑरेगनचे उदाहरण



केंद्राच्या कायद्याने एखादा पदार्थ बाळगणे गुन्हा आहे, आणि त्याच पदार्थासाठी राज्य सरकार परवाने देते, शुल्क घेते, तपासनीस पाठवते. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात २०२३ पासून हे चालू आहे. पदार्थ आहे सिलोसायबिन. काही जातींच्या अळिंबीत (मशरूममध्ये) ते आढळते आणि माणसाची जाणीव काही तासांपुरती खोलवर बदलते. मी शिकवतो अभियांत्रिकी, कायदा नव्हे. तरी गुणवत्ता नियंत्रणाच्या तासाला हे उदाहरण घेतो, कारण तपासणी कुठवर पोहोचते आणि कुठे थांबते, हे त्यात स्वच्छ दिसते.

आधी कायद्याची बाजू. अमेरिकेच्या १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात सिलोसायबिन पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक अनुसूचीत आहे. ते बदलणे राज्याच्या हाती नाही. मात्र केंद्र आपला कायदा राबवण्याची सक्ती राज्याच्या अधिकाऱ्यांवर करू शकत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रिंट्झ खटल्यात सांगितले. म्हणून राज्य स्वतःची शिक्षा मागे घेऊ शकते. केंद्राचा कारवाईचा अधिकार तरीही शाबूत राहतो. गांजासंबंधीच्या २००५ च्या रेच खटल्यात हे स्पष्ट झाले. भारताशी याची गल्लत करू नका. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात सिलोसायबिन मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि तो केंद्रीय कायदा राज्यांचे पोलीसही राबवतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये ऑरेगनच्या मतदारांनी सुमारे ५६ टक्के मतांनी प्रस्ताव क्रमांक १०९ मंजूर केला. नियम तयार करायला दोन वर्षे राखून ठेवली होती. काम राज्याच्या आरोग्य प्राधिकरणाकडे आले आणि जानेवारी २०२३ पासून अर्ज स्वीकारले जाऊ लागले.

परवाने चार प्रकारचे आहेत: उत्पादक, चाचणी प्रयोगशाळा, सेवा केंद्र आणि फॅसिलिटेटर. फॅसिलिटेटर म्हणजे सत्रभर सोबत बसणारी प्रशिक्षित व्यक्ती. ती डॉक्टर असावीच लागते असे नाही.

मोजमापाचा भाग आपल्या ओळखीचा आहे. एकाच वाफ्यातल्या दोन अळिंब्यांत सिलोसायबिनचे प्रमाण सारखे नसते. त्यामुळे नुसत्या वजनावरून मात्रा ठरवता येत नाही. घाण्यातून, म्हणजे बॅचमधून, नमुना घेऊन प्रयोगशाळेत प्रमाण मोजावे लागते. लागवड फक्त ‘सिलोसायबी क्युबेन्सिस’ या एकाच जातीची, तीही शेणखत किंवा लाकडाचे तुकडे न वापरता. एका सत्रात कमाल मर्यादा ५० मिलिग्रॅम. उत्पादकापासून सेवा केंद्रापर्यंत मालाची नोंद राज्याच्या प्रणालीत राहते. इथवर कोणत्याही चांगल्या कारखान्यासारखेच आहे.

ग्राहक २१ वर्षांवरील असावा. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आजार असल्याचे दाखवावे लागत नाही. वर्गात हमखास प्रश्न येतो: “सर, मग हे औषध आहे की नाही?” राज्य या प्रश्नाचे उत्तर देतच नाही, आणि माझ्या मते या आराखड्याचे मर्म हेच आहे. औषध म्हणून मंजुरी देणे हे केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाचे काम; कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तशी मंजुरी नव्हती. राज्य गुण येण्याची हमी देत नाही. ते जागा, माणूस आणि मात्रा यांना परवाना देते.

सत्राआधी तयारीची बैठक सक्तीची. गेल्या ३० दिवसांत लिथियम घेतले असेल तर सत्र होत नाही. माल केंद्रातच घ्यायचा, घरी न्यायचा नाही, आणि मात्रेनुसार ठरलेला किमान वेळ तिथेच थांबायचे. घरी कसे जाणार, तेही आधी ठरवून ठेवावे लागते.

खरा धोका पुढच्या काही तासांत आहे. ग्राहकाची निर्णयशक्ती तेव्हा त्याच्या ताब्यात नसते; बंद खोलीत एक अनोळखी माणूस समोर असतो. म्हणून आधार देणाऱ्या स्पर्शाची संमतीही आधीच, लेखी घेतात, आणि तो स्पर्श आलिंगन किंवा हात, पाय, खांदे यांपुरताच. नियम योग्य आहे. पण मिलिग्रॅम मोजायला यंत्र आहे, या खोलीतले वर्तन मोजायला नाही. तिथे प्रशिक्षण, नोंदी आणि तक्रार यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि तक्रार ज्याने करायची त्याची त्या वेळची आठवणच धूसर असू शकते.

आता पैशाचे. सेवा केंद्र, उत्पादक आणि प्रयोगशाळा यांना वर्षाला १०,००० डॉलर, फॅसिलिटेटरला २,००० डॉलर शुल्क. देखरेखीचा खर्च या शुल्कातून निघावा, अशी कल्पना होती. पण परवानाधारक अपेक्षेइतके आले नाहीत आणि विधिमंडळाला सर्वसाधारण निधीतून पैसे द्यावे लागले. त्यातच केंद्रीय कायद्यामुळे अशा व्यवसायांना प्राप्तिकरात नेहमीच्या खर्चाची वजावट मिळत नाही. हा सारा भार शेवटी ग्राहकावर येतो. एका सत्राला हजार डॉलरच्या वर मोजणे नवलाचे नाही. शिवाय २०२२ च्या निवडणुकीत अनेक ग्रामीण काउंटींनी आपल्या हद्दीत अशी केंद्रे नकोत असा कौल दिला. गरजू माणूस दूरच्या गावचा असेल तर प्रवासखर्च वेगळा.

खोलीच्या आत काय घडते हे आकड्यांत दिसावे म्हणून २०२३ मध्ये आणखी एक कायदा झाला. त्यानुसार जानेवारी २०२५ पासून सेवा केंद्रांनी ग्राहकांविषयीची ठरावीक माहिती, नावे न उघडता, प्राधिकरणाला पाठवायची आहे. ग्राहकाला नकार देण्याची मुभा आहे.

पुढच्या तासासाठी प्रश्न: तुम्ही तपासनीस आहात आणि सत्र चालू असताना खोलीत जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात कोणत्या तीन नोंदी मागाल, आणि त्या खोट्या लिहिल्या असतील तर कशावरून ओळखाल?