थेट वसुली आणि जादा आकार

एकाच दुकानांतून, एकाच मापानें, एकाच दिवशीं दोन गिऱ्हाइकांनीं तांदूळ घ्यावे, आणि पैसे कोणत्या वाटेनें पोंचते केले एवढ्यावरून त्यांस निरनिराळा भाव पडावा, असें कोणी सांगितलें तर आपणांस तें चमत्कारिक वाटेल. ग्रेट ब्रिटनमध्यें वीज आणि गॅस यांच्या बाबतींत हाच प्रकार चालतो, व तोहि चोरून नव्हे, तर नियामकाच्या संमतीनें. तेथें 'ऑफजेम' नांवाचें नियामक कार्यालय, ज्यांनीं कंपनीशीं ठराविक मुदतीचा करार केलेला नाहीं अशा घरांसाठीं दराची कमाल मर्यादा ठरवून देतें. २०२४ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहींत, वर्षाकांठीं २,७०० युनिट वीज व ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या मध्यम घरास ही मर्यादा अशी पडत होती: बँकेंतून थेट वसुली करूं देणाऱ्यास वर्षाला १,७१७ पौंड, बिल आल्यावर चेकानें अगर रोखीनें पैसे भरणाऱ्यास १,८२९ पौंड, आणि मीटरमध्यें आगाऊ पैसे भरून वीज घेणाऱ्यास १,६६९ पौंड. तारा त्याच, नळ तेच, वीजहि तीच. मग पहिल्या दोघांमधील ११२ पौंडांचा फरक कशाचा?

हें समजण्यास थेट वसुली, म्हणजे तिकडे जिला डायरेक्ट डेबिट म्हणतात ती, काय वस्तु आहे तें आधीं पाहिलें पाहिजे. ग्राहकानें बँकेस एकदांच आज्ञा द्यावयाची कीं, अमुक कंपनी मागेल ती रक्कम माझ्या खात्यांतून तिला देत जा. पुढें दर वेळीं त्याची परवानगी लागत नाहीं. याहून जुनी एक पद्धत आहे, तिला स्टँडिंग ऑर्डर म्हणतात. तींत किती द्यावयाचे व केव्हां द्यावयाचे हें ग्राहक ठरवितो. दोहोंतील भेद वरवर लहान दिसतो, पण खरी मेख तेथेंच आहे. एकींत आपण आपल्या हातानें पैसे मोजून देतों. दुसरींत घेणारा आपल्या पिशवींत हात घालतो. १९६४ सालीं युनिलिव्हर कंपनीनें आपल्या आइस्क्रीम-विक्रेत्यांकडून येणें वसूल करण्यासाठीं ही युक्ति काढिली. १९६८ मध्यें बँकांनीं मिळून एक संगणक-केंद्र स्थापिलें; त्याचेंच पुढें 'बॅक्स' झालें, आणि तेव्हांपासून ही पद्धत घरोघर पोंचली. हिच्या पाठीशीं एक हमीहि आहे. रक्कम वा तारीख बदलणार असेल तर ग्राहकास आगाऊ कळवावें लागतें, आणि चुकून जास्त रक्कम काढली गेली तर बँकेनें ती ताबडतोब व पुरी परत केली पाहिजे. ही हमी पोकळ नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आतां खर्चाकडे वळूं. चेक टपालानें येतो, कोणीतरी पाकीट फोडतो, रक्कम बिलाशीं ताडून पाहतो, चेक बँकेंत धाडतो; आणि पैसे आलेच नाहींत तर आठवणीचीं पत्रें लिहावीं लागतात. थेट वसुलींत हें सारें यंत्र करतें. परंतु कारकुनाची ही मेहनत म्हणजेच ११२ पौंड, असें समजूं नये. त्या रकमेचा मोठा वाटा दुसऱ्याच दोन गोष्टींचा आहे: एक वेळ, व दुसरी बुडीत येणीं.

वेळेचा हिशेब असा. तिमाही बिल भरणारा मनुष्य तीन महिने वीज वापरतो, मग त्याला बिल येतें, मग तो पैसे देतो. कंपनीला मात्र वीज उत्पन्न करणाराचे पैसे आधींच चुकते करावे लागतात. मधल्या काळापुरतें खेळतें भांडवल उभें करणें आलें, आणि त्यावर व्याज आलें. उलट थेट वसुलीचा ग्राहक वर्षाच्या अंदाजी खर्चाचे बारा सारखे हप्ते देतो. तिकडे घर तापविण्याचा खर्च बहुतेक हिवाळ्यांतच होतो. त्यामुळें उन्हाळ्यांत त्याचे पैसे वापरापेक्षां जास्त जातात व कंपनीकडे शिल्लक सांचते. म्हणजे पहिल्यास कंपनी उधार देते, आणि दुसरा कंपनीस उधार देतो! त्यास मिळणारी सवलत ही पुष्कळ अंशीं त्याच्याच पैशांचें व्याज होय. भेद वाटेचा नसून वेळेचा आहे, याचा एक गंमतीचा पुरावा तेथील दूरदर्शन-परवान्यांत सांपडतो. परवान्याची फी थेट वसुलीनें पण तिमाही हप्त्यांनीं भरली, तर दर हप्त्यास सव्वा पौंड अधिक पडतो. कारण त्या योजनेंत फीचा कांहीं भाग मागाहून दिला जातो. थेट वसुली असूनहि जादा आकार आहेच.

कंपनीजवळ सांचलेली ही शिल्लक नेहमींच सुरक्षित राहिली असें नाहीं. २०२१ सालीं गॅसचे घाऊक भाव भडकले तेव्हां ब्रिटनमधील पंचविसांहून अधिक वीज-गॅस कंपन्या कांहीं महिन्यांत बुडाल्या. त्यांपैकीं कित्येकींनीं ग्राहकांची आगाऊ रक्कम भांडवल म्हणून वापरून टाकली होती. ग्राहकांची शिल्लक बुडूं दिली गेली नाहीं हें खरें, पण तिचा भार शेवटीं सर्वांच्याच बिलांवर बसला. चेकानें भरणाऱ्या ज्या ग्राहकानें कंपनीस एक पैसाहि आगाऊ दिला नव्हता त्याच्यावरसुद्धां. जादा आकार मागतांना खर्चाचा कांटेकोर हिशेब मांडणाऱ्यांनीं हा हिशेबहि मांडावयास हवा होता, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

बुडीत येण्यांची गोष्ट याहून अवघड आहे. मागाहून बिल भरणाऱ्या वर्गांत पैसे थकविणारांचें व बुडविणारांचें प्रमाण थेट वसुलीच्या वर्गापेक्षां पुष्कळ जास्त असतें. ती तूट कोठून तरी भरून काढावी लागते, आणि ती मुख्यतः त्याच वर्गाच्या दरांत मिळविली जाते. याचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. एखादी वृद्ध बाई चाळीस वर्षें बिल आल्याच्या दुसऱ्या दिवशीं चेक लिहून पाठवीत आली आहे. तिचा एक पेनीहि कधीं थकला नाहीं. तरी तिच्या ११२ पौंडांत शेजाऱ्याच्या थकबाकीचा हिस्सा आहे, कारण दोघें एकाच रकान्यांत लिहिलीं गेलीं आहेत. कायदा म्हणतो कीं, पैसे भरण्याच्या पद्धतींमुळें दरांत जो फरक ठेवावयाचा तो खर्चाच्या फरकास अनुसरून असावा. कंपन्यांच्या परवान्यांतच तशी अट आहे. अट पाळली जाते. पण खर्च वर्गाचा मोजला जातो, माणसाचा नव्हे.

बरें, एवढा फरक असतां लोक थेट वसुली पत्करीत कां नाहींत? हा केवळ हट्ट आहे असें समजणारे पुष्कळ भेटतात. ज्यांस महिन्याच्या ठराविक तारखेस पगार मिळतो त्यांस तसें वाटणें साहजिक आहे. परंतु ज्याची मिळकत आठवड्याची, व तीहि कमीजास्त, त्याच्या खात्यांत नेमक्या त्या दिवशीं शिल्लक असेलच याची शाश्वती नसते. शिल्लक नसली आणि वसुली परत गेली, तर बँक दंड करी; एके काळीं हा दंड कित्येक बँकांत एका वेळेस तीस पौंडांच्या वर असे. वीस पौंडांच्या हप्त्यापायीं तीस पौंडांचा दंड! हें प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. ग्राहकांच्या वतीनें सरकारी कार्यालय उभें होतें, पण नोव्हेंबर २००९ मध्यें निकाल बँकांच्या बाजूनें लागला: असे आकार हे बँकेच्या सेवेच्या किंमतीचाच भाग असल्यामुळें ते जास्त आहेत एवढ्यावरून त्यांची न्याय्यता तपासतां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. २०२० सालीं वित्तीय नियामकानें नियम बदलून परत गेलेल्या वसुलीवरील आकार खर्चाच्या मर्यादेंत आणविला, तोंवर अनेकांनीं धडा घेतलेला होता. ज्याचे हात एकदां असे पोळले तो पुन्हां आपल्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या हातीं देण्यास कचरेल, यांत नवल काय? यांखेरीज, नुकताच लंडनास जाऊन उतरलेला व अद्याप बँकेंत खातें न उघडलेला आपल्याकडील विद्यार्थीहि याच रकान्यांत पडतो.

१९६३ सालीं डेव्हिड कॅप्लोविट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांच्या खरेदीविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नांवाचाच अर्थ 'गरिबांस जास्त द्यावें लागतें' असा आहे. इंग्लंडांत ब्रिस्टल विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१६ सालीं असा अंदाज काढिला कीं, कमी मिळकतीच्या कुटुंबांस गरिबीमुळेंच वर्षाकांठीं सरासरी ४९० पौंड अधिक मोजावे लागतात. पैसे भरण्याच्या पद्धतीवरील जादा आकार हा त्यांतील एक हिस्सा.

परंतु हा निसर्गाचा नियम नव्हे. याची साक्ष वरच्या आंकड्यांतच आहे, ती वाचकांच्या ध्यानांत आली असेल: मीटरमध्यें आगाऊ पैसे भरणारास सर्वांत कमी द्यावे लागत होते. पूर्वीं असें नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील मजुरांच्या घरीं पेनी टाकून चालणारे गॅसचे मीटर आले, तेव्हां त्या गॅसला इतरांपेक्षां जास्त भाव पडे. मीटर बसविण्याचा व नाणीं गोळा करीत फिरण्याचा खर्च त्यांतूनच काढीत. शंभर वर्षांहून अधिक काळ बहुधा हीच रीत चालली. आगाऊ पैसे देणारा हा उधारी न मागणारा ग्राहक. तरी त्यालाच भुर्दंड! शेवटीं जुलै २०२३ पासून सरकारनें आपल्या तिजोरींतून हा फरक भरून काढिला, आणि एप्रिल २०२४ पासून ऑफजेमनें त्याची कायमची तजवीज केली. मीटरवाल्यांचें वर्षाचें सुमारें ४९ पौंड वांचले. त्यासाठीं थेट वसुलीवाल्या प्रत्येक घरास वर्षाला सुमारें १० पौंड जास्त पडूं लागले. थोडक्या लोकांचें मोठें ओझें पुष्कळांत वांटल्यावर तें किती हलकें होतें पहा. चेकवाल्यांचें ओझें मात्र बव्हंशीं होतें तेथेंच राहिलें.

आतां नांवाविषयीं दोन शब्द. २००७ सालीं बी. टी. या टेलिफोन कंपनीनें थेट वसुली न पत्करणाऱ्या ग्राहकांवर तिमाहीस साडेचार पौंड आकार बसविला, तेव्हां मोठा गवगवा झाला. तेवढीच रक्कम थेट वसुलीवाल्यांस 'सूट' म्हणून दिली असती तर फारसें कोणी बोललें नसतें. गणितांत दोन्ही एकच, पण मनाला दोन्ही एक वाटत नाहींत. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यानें १९८० सालच्या एका निबंधांत अमेरिकेंतील क्रेडिट कार्डांचें असेंच उदाहरण दिलें आहे: भावांत फरक ठेवावाच लागला तर त्यास 'रोखीची सूट' म्हणावें, 'कार्डाचा जादा आकार' म्हणूं नये, असा कार्डवाल्यांचा आग्रह होता. कायदाहि या शब्दभेदास मानतो. ब्रिटनमध्यें एप्रिल २०१३ पासून विक्रेत्यानें पैसे भरण्याच्या साधनावर खऱ्या खर्चापेक्षां अधिक आकार घेऊं नये असें ठरलें, व १३ जानेवारी २०१८ पासून सामान्य ग्राहकांच्या कार्डांवर जादा आकार घेण्यास साफ बंदी झाली. पण सूट देण्यास बंदी नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत हाच प्रश्न सुटीच्या रूपानें येतो. २०२० च्या दरपत्रकांत महावितरण कंपनीच्या वीजबिलावर, कर व शुल्क वगळून, दोन निराळ्या सवलती होत्या. संगणकीय मार्गानें पैसे भरणारास शेंकडा पाव टक्का, आणि तीहि जास्तींत जास्त ५०० रुपयांपर्यंत. तसेंच मुदतीच्या आधीं, ठरलेल्या थोड्या दिवसांत बिल चुकतें करणारास शेंकडा एक टक्का. म्हणजे २,००० रुपयांच्या आकारावर वाट बदलल्याचे ५ रुपये, आणि वेळ सांभाळल्याचे २०. ब्रिटनमध्यें ज्या दोन गोष्टींची एकच मोट बांधली गेली त्या येथें सुट्या ठेविल्या आहेत. खिडकीपाशीं रांगेंत उभा राहून नोटा मोजून देणारा मनुष्य वेळेवर आला, तर त्यास पांच रुपयांची सूट मिळत नाहीं, पण वीस रुपयांची मिळते.