ब्रेक जड झाला तर

जुन्या स्पोर्ट मोटारीचा ब्रेक दगडासारखा जड लागला, तर आधी बूस्टर बघावा. बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा. इंजिन हवा ओढते. त्या ओढीने हा डबा आपल्या पायाला जोर देतो.

इंजिन बंद करा. ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पाय दाबूनच ठेवा, मग इंजिन चालू करा. पाय जरासा खाली गेला, तर बूस्टर ठीक. नाही गेला, तर रबरी नळी चाचपा. पुष्कळदा तीच चिरलेली निघते. ब्रेकचे तेल कमी होते, बाहेर ओल दिसत नाही, अन् सायलेन्सरातून पांढरा धूर येतो? मग बहुधा डब्यातले रबर गेले. तेल इंजिन पिते आहे.

मलकापुराकडून पुण्याला जाणारे काहीजण पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करतात. आम्हाला हे मुळीच पसंत नाही. इंजिन थांबले की ओढही थांबते. दोन-तीनदा ब्रेक दाबला की डब्यातली शिल्लक संपते, अन् मोटार अडवायचा सारा भार एका पायावर येतो.