कार्य, ऊर्जा, शक्ती, संवेग : मानापोउरीपासून पोफळीपर्यंत

न्यूझीलंडमध्ये शालेय शिक्षणाच्या बाराव्या वर्षी, म्हणजे वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, भौतिकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना यांत्रिकीची एक बाह्य परीक्षा द्यावी लागते. एनसीईए या राष्ट्रीय प्रमाणपत्राच्या दुसऱ्या स्तरावरील ९११७१ क्रमांकाचे हे मानक सहा क्रेडिटचे आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांना या परीक्षेतील एक गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते : सूत्रांचा तक्ता विद्यार्थ्याला परीक्षेतच पुरवला जातो. सूत्रे मुखोद्गत असणे हीच ज्यांच्या शालेय काळात निम्मी तयारी होती, त्यांना मग प्रश्न पडतो की परीक्षा नेमकी कशाची?

परीक्षा आहे ती समजुतीची. गणिताचे उत्तर बरोबर आले की ‘अचीव्हड’ ही श्रेणी मिळू शकते. परंतु ‘मेरिट’साठी सखोल आणि ‘एक्सलन्स’साठी सर्वांगीण आकलन दाखवावे लागते. कोणता नियम लागू होतो, तो का लागू होतो आणि कोणत्या अटीवर, हे विद्यार्थ्याला वाक्यांत मांडावे लागते. हुशार मुलेही इथेच अडतात. आकडेमोड अचूक असते, पण ‘ऊर्जा’ आणि ‘शक्ती’ यांत किंवा ‘ऊर्जा’ आणि ‘संवेग’ यांत गल्लत झालेली असते. या चार शब्दांतील भेद उलगडण्यासाठी न्यूझीलंड आणि महाराष्ट्र या दोन्ही भूमींत उत्तम उदाहरणे उपलब्ध आहेत.

कार्य : थकवा हे माप नव्हे

दैनंदिन मराठीत ‘काम’ म्हणजे श्रम. भौतिकशास्त्रातील ‘कार्य’ त्याहून काटेकोर आहे. बल लावले आणि त्या बलाच्या दिशेने वस्तूचे विस्थापन झाले, तरच कार्य झाले. दादर स्थानकावरील हमाल डोक्यावर बोजा घेऊन सपाट फलाटावरून स्थिर वेगाने चालतो, तेव्हा त्याचे बल वरच्या दिशेने असते आणि बोजा सरकतो आडव्या दिशेने. त्यामुळे त्याने बोज्यावर केलेले कार्य शून्य ठरते. तो घामाघूम होतो, कारण स्नायू आकुंचित ठेवण्यासाठी शरीरातील ऊर्जा खर्ची पडते. मात्र ती बोज्याला मिळत नाही. तोच हमाल पुलाचा जिना चढू लागला, की बोज्यावर कार्य होऊ लागते.

हा भेद म्हणजे शब्दच्छल नव्हे. कार्य हे ऊर्जा एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचवण्याचे साधन आहे. म्हणूनच कार्य आणि ऊर्जा या दोहोंचे एकक एकच आहे : ज्यूल. ‘किती कार्य झाले?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘किती ऊर्जा हस्तांतरित झाली?’ असा असतो.

ऊर्जा : उंचीवरच्या पाण्याची पुंजी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फियोर्डलँडमध्ये मानापोउरी सरोवर आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराच्या पोटात, १९७० च्या दशकारंभी पूर्ण झालेले भूमिगत जलविद्युत केंद्र आहे. सरोवराचे पाणी वायाउ नदीतून दक्षिणेकडे वाहणारे; या प्रकल्पाने ते यंत्रांवरून खाली सोडून सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून पश्चिमेकडील डाउटफुल साउंड या समुद्राच्या फाट्यात पोहोचवले.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. कोयना प्रकल्पाने शिवसागर जलाशयातील पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपार पोफळीला नेले, आणि वीज दिल्यानंतर ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राकडे जाऊ लागले. दोन्ही ठिकाणी अभियंत्यांनी पाण्याचा मार्ग बदलला, कारण दुसऱ्या बाजूला थोड्या अंतरात मोठा उतार उपलब्ध होता.

उंचीवर असलेल्या पाण्याजवळ स्थितिज ऊर्जा असते. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी ती असते. मानापोउरी सरोवर आणि समुद्र यांच्या पातळ्यांत १७८ मीटरांचा फरक आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलोग्रॅम. ते १७८ मीटर खाली आले की सुमारे १७.४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या बिलावरील एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, ३६ लाख ज्यूलचा असतो. म्हणजेच मानापोउरीचे एक घनमीटर पाणी जेमतेम अर्धे युनिट देते. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत उंचीचा फरक सुमारे पावणेपाचशे मीटर असल्याने तेवढेच पाणी तिथे सव्वा युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा देऊ शकते. पाणी तेच, उंची निराळी.

हिवाळ्याच्या रात्री दोन किलोवॅटचा हीटर पाच तास चालला, तर दहा युनिट वीज लागते. ती मानापोउरीच्याच पाण्यातून मिळवायची झाली, तर वीस हजार लिटरांहून अधिक पाणी डोंगरातून खाली यावे लागेल.

शक्ती : किती नव्हे, किती वेगाने

मराठीत ‘शक्ती’ हा शब्द बळ, जोर, सामर्थ्य, ऊर्जा अशा अनेक अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे मराठी घरात वाढलेल्या मुलाचा गोंधळ अधिकच संभवतो. शास्त्रात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा किंवा ऊर्जा हस्तांतरित करण्याचा दर. एका सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. मानापोउरीतून सेकंदाला सुमारे ५०० घनमीटर पाणी गेले, तर दर सेकंदाला सुमारे ८७ कोटी ज्यूल, म्हणजे ८७० मेगावॅट उपलब्ध होतात. बोगद्यांतील घर्षण आणि यंत्रांतील हानी वजा जाता हाती सुमारे ८०० मेगावॅट उरतात.

कोयना प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे मानापोउरीच्या दुपटीहून अधिक. तरीही वर्षाअखेरीस मानापोउरी कोयनेपेक्षा जास्त युनिट वीज निर्माण करते. हे कसे घडते, याचे उत्तर ज्याला देता आले त्याला ऊर्जा आणि शक्ती यांतील भेद समजला.

कोयनेत यंत्रे मोठी आहेत, पण पाणी मोजके आहे. पावसाळ्यात साठलेले पाणी वर्षभर पुरवायचे असते, आणि पश्चिमेकडे किती पाणी वळवावे यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने मर्यादा घातली आहे. म्हणून कोयनेची यंत्रे प्रामुख्याने सकाळ-संध्याकाळच्या वाढत्या मागणीच्या वेळी चालवली जातात : मोठी शक्ती, थोडे तास. मानापोउरीचे केंद्र मुख्यतः तिवाई पॉइंट येथील ॲल्युमिनियम कारखान्यासाठी उभारले गेले. तो कारखाना अहोरात्र चालतो आणि फियोर्डलँडमध्ये पाऊस वर्षभर पडतो. तिथे शक्ती तुलनेने कमी, तास मात्र पुष्कळ. ऊर्जा म्हणजे शक्ती गुणिले काळ. केवळ मेगावॅट पाहून युनिटांचा अंदाज बांधता येत नाही.

संवेग : थांबवायला किती वेळ

संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. ऊर्जेला दिशा नसते, संवेगाला असते. संवेग बदलायचा तर बल काही काळ लावावे लागते, आणि बल व काळ यांच्या गुणाकाराला आवेग म्हणतात.

क्वीन्सटाउनजवळच्या कावराउ पुलावर १९८८ साली ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश यांनी व्यावसायिक बंजी उड्या सुरू केल्या. पूल नदीपासून ४३ मीटर उंच आहे. समजा, ७० किलोग्रॅमची व्यक्ती दोरी ताणू लागेपर्यंत सेकंदाला २० मीटर वेगाने खाली येत आहे. तिचा संवेग १,४०० एकक झाला. तो शून्यावर आणायचाच आहे. प्रश्न फक्त वेळेचा. साध्या, न ताणणाऱ्या दोराने तिला एक दशांश सेकंदात थांबवले, तर सरासरी परिणामी बल १४,००० न्यूटन होईल, म्हणजे तिच्या वजनाच्या वीसपट. रबरी दोरी तेच थांबणे दोन सेकंदांवर पसरवते, आणि परिणामी बल सुमारे ७०० न्यूटनांवर येते. दोरीचा सरासरी ताण त्या व्यक्तीच्या वजनाच्या दुप्पट एवढाच राहतो. आवेग दोन्ही वेळी सारखाच असतो. जीव वाचतो तो वाढलेल्या वेळामुळे. सायकलचे हेल्मेट आणि मोटारीची एअरबॅग यांमागेही हेच तत्त्व आहे.

ऊर्जा आणि संवेग : दोन स्वतंत्र हिशेब

सर्वाधिक गुण जातात ते टकरीच्या प्रश्नात. रग्बीच्या मैदानावर १०० किलोग्रॅमचा खेळाडू सेकंदाला ६ मीटर वेगाने धावत येऊन, उभ्या असलेल्या ८० किलोग्रॅमच्या खेळाडूला कवेत घेतो आणि दोघे एकत्र पुढे सरकतात. टकरीच्या क्षणापुरते जमिनीचे घर्षण बाजूला ठेवले, तर संवेग आधी ६०० एकक होता आणि नंतरही ६०० एककच राहील. म्हणून दोघांचा एकत्रित वेग सेकंदाला ३.३ मीटर. गतिज ऊर्जा मात्र १,८०० ज्यूलवरून १,००० ज्यूलवर येते. उरलेले ८०० ज्यूल नष्ट झालेले नाहीत; ते शरीरांच्या आकारबदलात, उष्णतेत आणि आवाजात गेले. बाहेरचे बल नसेल तर संवेग प्रत्येक टकरीत टिकतो. गतिज ऊर्जा टिकेलच असे नाही. ‘ऊर्जा अक्षय्य असते’ या एका वाक्यावर सगळे उत्तर उभारणारा विद्यार्थी इथे फसतो.

हे दोन हिशेब स्वतंत्र का ठेवायचे, हे रस्त्यावर अधिक तीव्रतेने कळते. न्यूझीलंडमध्ये सोळाव्या वर्षी वाहन चालवण्याचा शिकाऊ परवाना मिळू शकतो. ज्या वयात मुले हा धडा शिकतात, त्याच वयात ती स्टिअरिंगमागे बसतात. शहरात सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, तर मोकळ्या महामार्गावर १०० असते. वेग दुप्पट झाला की संवेग दुप्पट होतो. म्हणून तेवढ्याच ब्रेकच्या बलाने थांबायला दुप्पट वेळ लागतो. गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाबरोबर वाढते आणि चौपट होते. म्हणून तेवढ्याच बलाने थांबायला चौपट अंतर लागते. बल गुणिले काळ हा संवेगाचा हिशेब, बल गुणिले अंतर हा ऊर्जेचा. समोर अचानक आलेल्या माणसाच्या दृष्टीने तो चौपट आकडा निर्णायक असतो.

घरी काय करता येईल

एनसीईएऐवजी नवी प्रमाणपत्रे आणण्याचा प्रस्ताव न्यूझीलंड सरकारने २०२५ मध्ये मांडला. परीक्षेचे नाव बदलले तरी ज्यूल आणि वॅट यांतील अंतर बदलणार नाही. पालकांनी अधिक सराव-उदाहरणे सोडवून घेण्यापूर्वी, प्रत्येक उदाहरणाआधी तीन प्रश्न विचारावेत : ऊर्जा कुठून निघाली आणि कुठे पोहोचली? बाहेरचे बल आहे का? प्रश्नात काळ दिला आहे की अंतर? उत्तर मराठीत आले तरी चालेल. कार्य, ऊर्जा, शक्ती, संवेग हे शब्द महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत रुळलेले आणि नेमके आहेत. एखाद्या गोष्टीचे स्पष्टीकरण दोन भाषांत करता येणाऱ्या मुलाला तक्त्यातील योग्य सूत्र निवडणे बहुधा जड जात नाही.